साहेबांनी बोलावलंय : सदाशिव पेठेतली एक फितुरी

 

मागच्या भागात आपण रोममध्ये होतो. सीझर, ब्रूटस, कॅशियस, इसवी सनापूर्वी 44 सालचा मार्च महिना. त्या भागावर एका श्रोत्याने विचारलं होतं, ''दादा, हे सगळं ठीक आहे, पण आपल्याकडे असं काही नाही का? कट, मित्र, फितुरी?'' मी हसलो. कारण मी ज्या खोलीत बसून हे रेकॉर्ड करतोय ना, तिथून चालत सात-आठ मिनिटांवर ती जागा आहे. सदाशिव पेठेत. खुन्या मुरलीधर.

पुण्याबाहेरच्यांसाठी सांगतो, हे देवळाचं नाव आहे. खरंच. आत कृष्णाची सुंदर मूर्ती आहे, हातात मुरली, आणि नाव खुन्या. मी पहिल्यांदा पुण्यात आलो तेव्हा रूमवर जायचा पत्ता विचारला, तर एका आजोबांनी इतक्या सहजपणे सांगितलं, ''खुन्यापासून डावीकडे वळा,'' की मी दोन सेकंद तिथेच थांबलो होतो.

आता हे नाव कुठून आलं? पेठेत कुणालाही विचारा, निम्मे लोक सांगतील, इथे चापेकरांनी फितूर द्रविड बंधूंना मारलं म्हणून. ही गोष्ट खोटी नाही, तो प्रसंग याच भागात घडला. पण नाव त्याच्या शंभरेक वर्षं आधीचं. सदाशिव रघुनाथ गद्रे नावाच्या सावकाराने दुसऱ्या बाजीरावाच्या काळात, 1797 साली हे देऊळ बांधलं. मूर्तीवरून वाद पेटला आणि देवळाच्या पहाऱ्यावरचे अरब आणि बॉइड नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्याची पलटण यांच्यात इथेच चकमक झाली. माणसं मेली. तेव्हापासून मुरलीधर 'खुन्या' झाला. म्हणजे नाव आधीच तयार होतं, 1899 मध्ये फक्त त्याला आणखी एक कारण मिळालं. मला हे नेहमी विचित्र वाटतं. साठसत्तर माणसं मेलेली ती चकमक लोक विसरले, आणि दोन माणसांचा खून लक्षात ठेवला. का ठेवला असेल, तेच आज बोलायचंय.

तर चला, आधी थोडं मागे जाऊ. हे तुम्हाला शाळेत होतं, त्यामुळे भराभर सांगतो.

1896 च्या शेवटी प्लेग मुंबईत आला, मग पुण्यात. मार्च 1897 मध्ये पुण्याच्या प्लेग कमिटीचा अध्यक्ष म्हणून वॉल्टर चार्ल्स रँड हा आय.सी.एस. अधिकारी आला. जवळजवळ नऊशे सैनिक आणि अधिकारी हाताशी. घराघरात शिरून तपासणी. देवघर, माजघर, काही नाही, बूट घालून सरळ आत. बायकांची तपासणी, सामानाची जाळपोळ, माणूस उचलून दवाखान्यात, घरचे छावणीत. प्लेग रोखायला काहीतरी कडक करणं भाग होतं हे खरं, आपण सगळ्यांनी 2020 पाहिलंय, साथ म्हणजे काय ते आता आपल्याला सांगायला नको. पण पुण्याच्या मनात राहिला तो अपमान.

22 जून 1897. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाली म्हणून गणेशखिंडीत गव्हर्नरच्या बंगल्यावर समारंभ. हा बंगला म्हणजे आजच्या पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी तिच्यासमोर सेल्फी काढलेत. रात्री समारंभ संपवून गाड्या परत निघाल्या. ''गोंद्या आला रे!'' हा इशारा. दामोदर हरी चापेकरने रँडवर गोळी झाडली. मागच्या गाडीत लेफ्टनंट आयर्स्ट होता, त्याच्यावर दामोदरच्या धाकट्या भावाने, बाळकृष्णने. आयर्स्ट जागीच गेला. रँड 3 जुलैला ससूनमध्ये गेला. भाऊ अंधारात नाहीसे झाले.

इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. जयू आणि नचिकेत पटवर्धन यांचा '22 जून 1897' नावाचा सिनेमाही आहे, 1979 चा, मिळाला तर बघा. माझा आजचा विषय सुरू होतो त्यानंतर. म्हणजे गोळी झाडून झाली, सापडलं कुणीच नाही, आणि सरकार चिडलंय.

सरकारने काय केलं? वीस हजार रुपयांचं बक्षीस लावलं. 1897 चे वीस हजार, मंडळी. मुंबईहून ब्रुइन नावाचा पोलीस अधिकारी तपासासाठी आणला. जुलैच्या शेवटी टिळकांना राजद्रोहाखाली अटक झाली, नातू बंधूंना खटला न चालवताच उचललं, 1827 च्या एका जुन्या रेग्युलेशनखाली. शहरावर जादा पोलीस बसवले. जून गेला, जुलै गेला, ऑगस्ट गेला. वीस हजार तसेच पडून.

मला या गोष्टीचा हा भाग फार आवडतो आणि त्यावर कुणी बोलत नाही. तीन महिने. चापेकर काही भूमिगत, कुणाला माहीत नसलेले लोक नव्हते. वडील हरी विनायक चापेकर, चिंचवडचे, कीर्तनकार. मुलं वडिलांच्या मागे कीर्तनात साथ करायची, गावोगाव हिंडलेली. शिवाय त्यांनी पोरं जमवून मंडळ काढलेलं होतं, व्यायाम, कवायत, धर्मरक्षण वगैरे. हे मंडळ काही आजच्या अर्थाने पुरोगामी नव्हतं, तेही सांगून टाकतो. दामोदरने तुरुंगात लिहिलेलं आत्मवृत्त उपलब्ध आहे. त्यात सुधारकांबद्दलचा राग इंग्रजांवरच्या रागाइतकाच आहे, सुधारकांना चोप दिल्याच्या गोष्टी तो अभिमानाने सांगतो. वाचताना अवघडायला होतं. पण मुद्दा असा की हे भाऊ बऱ्याच पोरांना माहीत होते. कुणाकुणाला शंका असणारच. पुणं तेव्हा केवढं होतं? सगळ्या पेठा मिळून आज एका कॉलेजच्या ग्रुपवर जेवढ्या बातम्या फिरतात तेवढ्या अंतरात. तरी तीन महिने वीस हजाराला गिऱ्हाईक मिळालं नाही.

मिळालं ते तुरुंगात.

गणेश शंकर द्रविड. फसवणुकीच्या गुन्ह्यात शिक्षा भोगत होता. चापेकरांच्या ओळखीतला, त्यांचं मंडळ माहीत असलेला. ब्रुइनला पहिला खरा धागा त्याच्याकडून मिळाला. पाठोपाठ त्याचा भाऊ रामचंद्रही यात आला. दामोदर मुंबईत पकडला गेला, ऑक्टोबर 1897 मध्ये त्याचा कबुलीजबाब झाला, खटला चालला आणि 18 एप्रिल 1898 ला येरवड्यात त्याला फाशी दिली. बाळकृष्ण निजामाच्या मुलखात निसटला होता, तोही पुढे पकडला गेला. द्रविडची उरलेली शिक्षा माफ झाली. आणि बक्षीस? वीस हजारांपैकी दहा हजार. निम्मे.

इथे मी पुन्हा जरा रोमला जातो, कारण मला तिथला एक माणूस या ठिकाणी सारखा आठवतो. ब्रूटस नाही. ब्रूटस प्रसिद्ध आहे, पण तो फितूर नव्हता, तो सीझरचा विश्वास तोडून कटात गेला. कटातल्या मित्रांना त्याने शेवटपर्यंत सोडलं नाही. फितूर हवा असेल तर शंभर वर्षं पुढे या. इसवी सन 65, नीरोचं राज्य. पिसो नावाच्या बड्या माणसाभोवती नीरोला मारायचा कट जमला. सिनेटर, सैन्यातले अधिकारी, एक मोठा कवी, सगळे त्यात. स्कीव्हायनस नावाच्या सिनेटरने पहिला वार करायचा मान मागून घेतला. आदल्या दिवशी त्याने मृत्युपत्र केलं, देवळातून आणलेला जुना खंजीर काढला आणि धार लावायला दिला. कुणाकडे? मिलिकस नावाच्या आपल्या माणसाकडे, ज्याला त्याने गुलामीतून मुक्त केलं होतं. मग नेहमीपेक्षा मोठं जेवण दिलं, आवडत्या गुलामांना मोकळं केलं, आणि मिलिकसलाच सांगितलं, जखमा बांधायच्या पट्ट्या तयार ठेव.

मिलिकस त्या रात्री घरी गेला आणि बायकोशी बोलला. टॅसिटस या इतिहासकाराने त्या बायकोचं म्हणणं नोंदवून ठेवलंय. तिचा मुद्दा असा, की हे सगळं बाकीच्या नोकरांनीही पाहिलंय. तू एकटा गप्प बसून कुणी वाचणार नाही. पण बक्षीस एकालाच मिळेल, जो आधी सांगेल त्याला. पहाटे मिलिकस खंजीर घेऊन नीरोच्या दारात. कट फुटला, कित्येक माणसं मेली, सेनेकासारखा तत्त्ववेत्ताही त्यात गेला. मिलिकसला भरपूर बक्षीस मिळालं, आणि त्याने स्वतःला एक नवीन पदवी लावून घेतली. ग्रीक शब्द. अर्थ काय, तर 'तारणहार'.

''नाहीतरी दुसरं कुणीतरी सांगेलच.'' हे वाक्य मी प्रत्यक्ष ऐकलेलं आहे.

थांबा, पाणी पितो.

हां. हे मी या पॉडकास्टवर कधी सांगितलेलं नाही. मी पुण्यात आलो ते स्पर्धा परीक्षेसाठी, तुमच्यापैकी अनेकांसारखाच. मराठवाड्यातून. सदाशिव पेठेत एका जुन्या वाड्यात कॉट बेसिसवर राहायचं, मेसचा डबा, आणि सकाळी सहा ते रात्री अकरा अभ्यासिका. माझ्या शेजारच्या टेबलवर एक पोरगा बसायचा. नाव सांगत नाही. आमच्याच भागाकडचा. पहिल्या महिन्यात मला ताप आला होता तेव्हा याने तीन दिवस माझा डबा वर आणून दिला. तिथून दोस्ती झाली. रात्री चहा प्यायला जायचो, एक चहा दोघांत, कारण महिना संपत आलेला असायचा.

अभ्यासिकेच्या मालकाने मधेच फी वाढवली, कूलर बंद केले, पिण्याच्या पाण्याचा फिल्टर महिनाभर बंद. आम्ही सात जणांनी एक ग्रुप केला. ठरलं, वाढीव फी कुणीच द्यायची नाही, आणि एक चिठ्ठी लिहून नोटीस बोर्डावर लावायची. मजकूर माझ्या दोस्ताने लिहिला. चांगला लिहिला होता, मालकाचे सगळे हिशोब मांडून, सभ्य भाषेत, शेवटी जरा टोमणा. पोरं फोटो काढून फिरवत होती. कट म्हणायचं तर हाच आमचा कट. हसू नका, प्रिलिमला दीड महिना असताना अभ्यासिकेतली जागा म्हणजे काय चीज असते ते ज्याने काढलंय त्याला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी मालकाने मला एकट्याला केबिनमध्ये बोलावलं. माझी तीन महिन्यांची फी थकलेली होती. घरून पैसे यायचे बंद झाले होते, ते वर्ष दुष्काळाचं होतं. मालकाने चहा मागवला. आवाज चढवला नाही. म्हणाला, ''तुझे पैसे राहू देत. परीक्षा होईपर्यंत बस इथेच. फक्त चिठ्ठी कुणी लिहिली तेवढं सांग. तू नाही सांगितलंस तरी दुसरं कुणीतरी सांगेलच.''

मी तोंडाने नाव घेतलं नाही. त्यात मला तेव्हा फार मोठा फरक वाटला होता. मी फक्त मोबाइल उघडला, ग्रुप उघडला, आणि फोन टेबलावर त्याच्याकडे फिरवून ठेवला.

संध्याकाळी दोस्ताला जागा खाली करायला सांगितलं. तो पिशवी भरत होता आणि मी माझ्या टेबलवर इतिहासाचं पुस्तक उघडून बसलो होतो. जाताना तो माझ्याकडे आला. लक्ष्मीकांतचं राज्यव्यवस्थेचं पुस्तक माझ्याकडे नव्हतं, त्याचंच मी वापरायचो. ते त्याने माझ्या टेबलवर ठेवलं. ''राहू दे, तुला लागेल,'' म्हणाला, आणि गेला.

असो. परत 1899 मध्ये जाऊ.

दामोदर गेलाय. बाळकृष्ण तुरुंगात आहे आणि त्याचं काय होणार हे सगळ्यांना दिसतंय. चापेकरांच्या घरात तिसरा मुलगा, वासुदेव. वीस वर्षांच्या आतबाहेरचा. रँडच्या प्रकरणात त्याच्यावर खुनाचा आरोप नव्हता. तो जगू शकला असता. गप्प राहिला असता तर नोकरी, संसार, नातवंडं, सगळं झालं असतं आणि आपल्याला त्याचं नावही माहीत नसतं. त्याच्याबरोबर त्याचे दोन मित्र, महादेव विनायक रानडे आणि खंडो विष्णू साठे. साठे तर अजून पोरच.

आणि त्याच शहरात द्रविड बंधू. सुटून आलेले, बक्षीस घेतलेले. आता जरा विचार करा. हे त्यांनी केलं हे लोकांना कसं कळलं? सरकारने जाहीर बक्षीस लावलं, ते जाहीरपणे दिलं. शिक्षा भोगणारा माणूस अचानक मुदतीआधी घरी आला. पेठेत कुणाच्या घरी कुणी किती वाजता आलं हे समोरच्या गॅलरीतून मोजलं जातं, तिथे हे लपणार होतं का? ज्या सरकारला माहिती दिली त्याचं काम झालं होतं. दामोदर लटकला, फाइल पुढे गेली. या दोघांनी मात्र त्याच गल्लीत राहायचं होतं, त्याच वाण्याकडे जायचं होतं. तुम्ही म्हणाल, त्यांनी गाव सोडायला हवं होतं. हो. मलाही तसंच वाटतं. पण माणूस सोडत नाही. त्याला वाटतं साहेब आहेत ना.

8 फेब्रुवारी 1899, संध्याकाळ उलटून गेलेली. द्रविडांच्या दाराशी दोन माणसं आली. वासुदेव चापेकर आणि महादेव रानडे. वेष बदललेला, पंजाबी शिपायांसारखा, आणि बोलणं हिंदीत. निरोप एवढाच, की पोलिसातल्या साहेबांनी बोलावलंय. ब्रुइन साहेबांनी.

आणि ते दोघे निघाले.

मी ही गोष्ट किती वेळा वाचली असेल, प्रत्येक वेळी इथे अडतो. अंधार पडलेला आहे. सगळं गाव आपल्यावर थुंकतंय हे माहीत आहे. बाहेर अनोळखी माणसं आहेत. दुसऱ्या कुणाच्याही नावाने हाक मारली असती तर त्यांनी दार उघडताना दहा वेळा विचार केला असता. शेजाऱ्याच्या नावाने, नातेवाइकाच्या नावाने, जुन्या मित्राच्या नावाने तर नक्कीच. पण साहेबाचं नाव निघालं आणि ते उठून चालू लागले. वासुदेवला आणि रानडेला हे नेमकं ठाऊक होतं, की या दोघांचा आता जगात एकाच माणसावर विश्वास उरलाय. गल्लीत थोड्या अंतरावर अगदी जवळून गोळ्या झाडल्या गेल्या. दोघेही भाऊ वाचले नाहीत.

मारेकरी थोड्याच दिवसांत सापडले. त्याआधी एका चीफ कॉन्स्टेबलला मारायचे त्यांचे दोन प्रयत्न फसले होते, म्हणजे पोलिसांचं लक्ष असणारच. खटला लांबला नाही. 8 मे 1899, द्रविडांच्या खुनाला बरोबर तीन महिने झाले त्या दिवशी, वासुदेवला फाशी. 10 मे, रानडे. 12 मे, बाळकृष्ण. येरवड्यात, एक दिवस सोडून एक. साठे लहान म्हणून वाचला, त्याला दहा वर्षं सक्तमजुरी झाली. चापेकरांच्या घरातली तीनही मुलं संपली. आणि द्रविडांच्या घरातलेही दोन भाऊ गेले, तेही कुणाचे तरी मुलगे होतेच.

आता मला रानडेबद्दल बोलायचंय. आपण 'चापेकर बंधू' म्हणतो. चिंचवडला चापेकर चौक आहे, पुतळे आहेत, वाड्यात स्मारक आहे. ते असायलाच हवं. पण या नावातच रानडे बाहेर पडतो, कारण तो बंधू नव्हता. वासुदेवकडे कारण होतं. एक भाऊ फासावर गेलेला, दुसरा जाणार. रक्ताचं कारण. रानडेकडे काय होतं? त्याचा कुणी भाऊ गेला नव्हता. द्रविडांनी त्याचं वैयक्तिक काही बिघडवलं नव्हतं. त्याचा मित्र निघाला होता आणि तो सोबत गेला. एवढंच. पकडल्यावर त्याच्यासमोरही तोच रस्ता होता जो गणेश द्रविडने घेतला. तो घेतला असता तर त्याचं नाव आज आपल्याला फितूर म्हणून माहीत असतं. नाही घेतला, तर जवळजवळ माहीतच नाही.

मी त्या खुनाचं कौतुक करत नाहीये हां, कमेंटमध्ये भांडू नका. दोन नि:शस्त्र माणसांना खोटं बोलून घराबाहेर काढून मारलं, हे तसंच सांगायला हवं. वासुदेव आणि रानडे जिवंत राहिले असते तर मला जास्त बरं वाटलं असतं. पण मैत्री कशी असते असं मला कुणी विचारलं, तर माझ्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा 10 मे ची तारीख येते. 8 आणि 12 च्या मधली. दोन भावांच्या मधे अडकलेला एक परका पोरगा.

रोमच्या त्याच कटातही अशी एक व्यक्ती आहे, आणि ती सांगितल्याशिवाय मिलिकसची गोष्ट अर्धी राहील. एपिकॅरिस नावाची बाई. तीही आधी गुलाम होती, नंतर मुक्त झालेली. कट बाहेर फुटायच्या आधीच ती संशयावरून पकडली गेली होती. नीरोला वाटलं, बाईचा जीव, वेदना सहन होणार नाहीत. दिवसभर चाबूक, आग, हाडं मोडणं. एकही नाव नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा छळायला नेताना, पाय मोडलेले म्हणून खुर्चीत बसवून नेत होते, तिने छातीचा पट्टा सोडून खुर्चीला फास केला आणि त्यात मान घातली. आणि त्याच वेळी सिनेटर, सरदार, हात न लावता, फक्त छळाची साधनं बघून आपापल्या जिवलगांची नावं सांगत होते. कवी ल्यूकनने तर माफीच्या आशेने स्वतःच्या आईचं नाव सांगितलं. टॅसिटस एरवी बायकांबद्दल आणि गुलामांबद्दल फार चांगलं लिहीत नाही, पण इथे त्यालाही राहवलं नाही. तो म्हणतो तिने अनोळखी लोकांना वाचवलं, जेव्हा मोठी मोठी माणसं आपल्या रक्ताच्या माणसांना विकत होती.

मला फक्त हे बघायचंय की मिलिकस आणि एपिकॅरिस दोघेही गुलामीतून आलेले होते. रानडे आणि गणेश द्रविड एकाच शहरातले, साधारण एकाच वर्तुळातले. कोण काय करेल हे आधी कुणालाच सांगता आलं नसतं. मलाही माझ्याबद्दल सांगता आलं नसतं. केबिनमध्ये जायच्या आधी कुणी विचारलं असतं, तर मी छाती ठोकून म्हटलं असतं की मी रानडे. म्हणून गणेश द्रविडला शिव्या घालणारी पोस्ट दर वर्षी फेब्रुवारीत माझ्या फोनवर येते तेव्हा मी ती पुढे पाठवत नाही. डिलीटही करत नाही. वाचतो आणि ठेवून देतो.

तीन वर्षांनी मी दोस्ताला फोन केला. परीक्षा दोघांच्याही हातून गेली होती, तो गावाकडे दुकान सांभाळत होता. म्हटलं, ''तुला एक सांगायचंय, त्या चिठ्ठीबद्दल.''

तो म्हणाला, ''माहीत आहे रे. मालकानेच सांगितलं होतं, त्याच दिवशी. तुझा मोबाइल पाहिला म्हणाला.''

म्हणजे त्याने पुस्तक दिलं तेव्हा त्याला माहीत होतं. मी विचारलं, मग पुस्तक का दिलंस? तो म्हणाला, ''पिशवीत जागा नव्हती.'' आणि मग विषय बदलून सोयाबीनच्या भावाबद्दल बोलायला लागला. खरं की खोटं, मी पुढे विचारलं नाही.

हा भाग टाकायच्या आधी मी त्याला रेकॉर्डिंग पाठवलं होतं. त्याने ऐकलं. म्हणाला, गावाचं नाव काढ, बाकी असू दे. तर ते काढलंय. फी मी त्याच वर्षी थोडी थोडी करून भरून टाकली होती, मालकाने मोजून घेतली, काही बोलला नाही. पुस्तक माझ्याकडेच आहे, त्याच्या हिरव्या पेनच्या खुणांसकट.

आणि देऊळ बघायचं असेल तर संध्याकाळी जा. गर्दी नसते. गाडी मात्र लांब लावा, तिथे पार्किंग मिळत नाही. भेटू पुढच्या भागात.